लॉयडच्या दुकानातली साधी काडतुसं

५ ऑक्टोबर, रविवार

ठरलं. १५ नोव्हेंबरला, सीझनच्या पहिल्या दिवशी, व्याह्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं. म्हणजे होणारे व्याही. आमच्या उपासनाचा कालेब, त्याचे वडील लॉयड. ग्रेलिंगच्या अलीकडे एका एवढ्याशा गावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, रंग, पाइप, कुत्र्यांचं खाणं, काडतुसं, सगळं एका छपराखाली.

आज त्यांच्या अंगणात बार्बेक्यू होता. लॉयडने विचारलं, पूर्वी कधी शिकार केली आहे का. मी सांगितलं, आजोबांबरोबर, चंद्रपूरच्या जंगलात, रानडुकरं. आजोबा वनखात्याच्या रोपवाटिकेत रोपांना पाणी घालायचे. पण रोपवाटिका जंगलातच होती, आणि डुक्कर एकदा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. थोडं वाढवून सांगितलं इतकंच. मुलीच्या बापाला एवढी सूट असते.

उपासनाने टेबलाखालून लाथ मारली. दुर्लक्ष केलं.

जेवणाची मात्र शोभा. टेबलावर परातीएवढे ट्रे मांडून ठेवलेले आणि वाढायला कोणी नाही! आई सांगायची, व्याह्यांच्या घरी आपल्या हाताने काही उचलायचं नाही. ते देतील ते घ्यायचं. मी रिकामी प्लेट घेऊन चाळीस मिनिटं बसलो. लॉयडच्या बायकोने, डॉटीने, दोनदा विचारलं, भूक नाही का? दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायला नको? आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारतात. परत ट्रॉयला आमच्या घरी येईपर्यंत तीन तास पोटात कावळे ओरडत होते. कांताने स्वतःच उठून दोनदा वाढून घेतलं आणि वर मला म्हणते, घ्यायचं होतं उठून. बत्तीस वर्षं संसार केला, पण हिला रीतभात नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

लायसन्स काढलं. शी! त्यावर लिहिलंय 'अप्रेंटिस'. शिकाऊ! सेफ्टीचा कोर्स केलेला नसेल तर असंच मिळतं म्हणे, आणि हाकेच्या अंतरावर एक जाणता शिकारी बसलेला हवा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, बावीस वर्षं सप्लायर क्वालिटीत काढलेली, गाड्यांच्या सीटचा एकेक ब्रॅकेट ज्याच्या सहीशिवाय हलत नाही, तो शिकाऊ. कार्ड पाकिटात उलटं ठेवलंय.

कोर्स करता आला असता. ऑनलाइन आहे. पण पहिल्याच पानावर विचारलं, बंदुकीचं तोंड कुठल्या दिशेला ठेवावं. असल्या प्रश्नांना मी उत्तरं देत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रफुल्लचा फोन. हा माझा नागपूरचा कॉलेजमधला मित्र. आता फ्रिस्कोला असतो, टेक्ससमध्ये रानडुकरं मारतो आणि मेलेल्या डुकराशेजारी बसून दात काढत फोटो पाठवतो. सकाळी चहाबरोबर डुक्कर. किळस येते.

म्हणाला, काडतुसं भारीतली घे. त्याच्याकडची चांदीच्या डबीत ठेवण्यासारखी आहेत. निळं प्लॅस्टिकचं टोक, तांब्याची गोळी, आणि एकेकाची किंमत ऐकून माणूस आपोआप शाकाहारी होईल. साधी फॅक्टरीची काडतुसं ऐनवेळी दगा देतात म्हणे.

त्याला पाऊण तास समजावलं. लाखोंनी बनणारी वस्तू हीच सगळ्यात भरवशाची असते. प्रोसेस स्थिर, व्हेरिएशन कमी. हरिण म्हणजे रणगाडा नाही, आणि त्याला खोक्यावरची किंमत वाचता येत नाही. शंभर यार्डांवर साधी मऊ टोकाची गोळी पुरते. लॉयड चाळीस वर्षं तेच स्वस्त खोकं वापरतोय, तेच दुकानात विकतोय. माणूस माझ्या विचारांचा आहे.

प्रफुल्ल म्हणाला, बघू. मी म्हटलं, बघच. आता हा प्रश्न हरणाचा राहिलेला नाही, तत्त्वाचा आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

भाड्याच्या हॉलमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम. वंदना, पंचशील. 'पाणातिपाता वेरमणी', म्हणजे जीवहत्या करणार नाही हे पहिलं शील, म्हणताना कांता माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होती. पुढच्या रांगेतल्या सुनेत्राताईपण वळून बघायला लागल्या, म्हणजे हिने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

गाडीत वाद. मी म्हटलं, तू परवाच बोकडाचं मटण केलंस. ती म्हणाली, खाणं वेगळं आणि हौसेने मारायला जाणं वेगळं. आणि तुम्हाला ना मटणाची हौस ना शिकारीची, तुम्हाला फक्त लॉयडसमोर मिरवायचंय. मी म्हटलं, हे नातं जोडण्यासाठी चाललंय. हे लोक शिकारीच्या कॅम्पला वाटेल त्याला नेत नाहीत. तिथे तोंडघशी पडलो तर पोरगी जन्मभर त्या घरात 'त्या माणसाची मुलगी' म्हणून राहील. थँक्सगिव्हिंगला तिथेच साखरपुडा आहे, दोन्हीकडची सगळी माणसं येणार.

कांता म्हणाली, मग खरं सांगून टाका की शिकार करता येत नाही म्हणून. सोपं आहे.

सोपं म्हणे. गाडीतला रेडिओ मोठा केला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

लॉयडकडे नेमबाजीची प्रॅक्टिस. त्याच्या वडिलांची जुनी लिव्हरची रायफल मला वापरायला दिली. मान मोठा आहे. पद्धतही नीट. लॉयड बाजूच्या फटीतून काडतुसं भरायचा, बंदूक माझ्या हातात द्यायचा, मी लिव्हर खाली-वर करायची, नेम धरायचा, चाप ओढायचा. प्रत्येक वेळी त्यानेच भरून दिली. मी हात पुढे केला नाही, त्यालाही सांगावं लागलं नाही. काही लोकांना रीत उपजत कळते.

पाच गोळ्या. एक कागदाच्या कोपऱ्यात, चार मागच्या मातीत. पण मातीतल्या चारही एका वितीच्या आत! म्हणजे रिपीटेबिलिटी उत्तम, फक्त जागा चुकली. हे मी लॉयडला समजावलं. तो बराच वेळ मातीकडे बघत होता.

नंतर त्याच्याच दुकानातून वीस काडतुसांचं एक खोकं विकत घेतलं. शेल्फवरचं सगळ्यात स्वस्त. तो फुकट देत होता, मी पैसे दिले. रिकाम्या हाताने कॅम्पला जाणं बरं दिसत नाही. आपलं म्हणून एक खोकं जवळ असलेलं बरं.

८ नोव्हेंबर, शनिवार

खरेदी. केशरी जाकीट, केशरी टोपी. आरशात बघितलं तर रस्त्यावर ठेवतात तो कोन दिसतोय.

दुकानातल्या पोऱ्याने एक बाटली दिली. विचारलं काय आहे, तर हरिणीचं मूत. बाटलीत भरून विकतात! बुटांना लावायचं, म्हणजे नर वासाने येतो म्हणे. या देशाने माणूस चंद्रावर पाठवला. शिसारी आली, पण घेतली. प्रफुल्लकडे होती.

गाडीत झाकण सैल झालं. पुढचं लिहवत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

वास जात नाही. मी गाडीत बेकिंग सोडा टाकला. कांताने धूप लावला. आता देवळामागच्या गोठ्यासारखा वास येतो. ऑफिसातल्या अर्णवला लिफ्ट दिली तर तो बारा डिग्रीत खिडकी उघडून बसला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. कॅम्प. संध्याकाळी ७

पोचलो. लाकडी खोली, चार बंक, एक शेगडी. मी, लॉयड, कालेब. संडास बाहेर, साठ पावलांवर, बर्फातून. आत एक कोळी राहतो, त्याला यांनी नाव ठेवलंय. या माणसांच्या घरात माझी पोरगी जाणार.

जेवायला डब्यातली चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं कालवण. लॉयड शेगडीवर पातेलं ठेवून बाजूला झाला. कालेबने घेतलं, लॉयडने घेतलं. मी थांबलो. शेवटी कालेबने वाडगा भरून हातात दिला. पोरगा गुणी आहे. चिली मात्र गोड होती. चिलीत साखर! नावाला तरी लाजा.

कांताने दिलेली शेंगदाण्याची चटणी काढली. लॉयडने चमचाभर तोंडात टाकली आणि शिकारी टोपी काढून डोळे पुसले. आवडली असावी.

१५ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे ५:१०

गाडीतून उतरून, लपून बसायच्या खोपटापर्यंत चालत जायचं. अंधार, बर्फ. लॉयड गाडीपाशी उभा राहून पाच मिनिटं काहीतरी समजावत होता. बंदुकीबद्दल असणार. मी तेव्हा हात गरम करायच्या पुड्या फोडत होतो, त्यातली एक फाटून सगळी काळी भुकटी हातमोज्यात गेली होती. येस लॉयड, येस लॉयड म्हणत राहिलो. चंद्रपूरला शिकार केलेल्या माणसाला इतकं समजावायचं कारण नव्हतं. मग त्याने अदबीने बंदूक माझ्या हातात दिली, प्रॅक्टिसच्या दिवशीसारखीच. मी अदबीने घेतली.

माझं खोकं जाकिटाच्या आतल्या खिशात, छातीशी. राखीव साठा.

सकाळी ६:४०

प्लायवूडचं खोपट, आत प्लॅस्टिकची बादली उलटी घालून बसायला. लॉयड वीस पावलांवर दुसऱ्या खोपटात. हाकेचं अंतर, कायद्याने. झोपला असावा, घोरणं ऐकू येतंय. याला म्हणतात जाणता शिकारी.

पायाची बोटं गेली. आहेत की नाहीत, माहीत नाही.

सकाळी ९:५५. तातडीची नोंद

आला होता! नर! शिंगं चांगली हातभर! साठ यार्डांवर आडवा उभा. मी शांत. लिव्हर खाली-वर केली. नेम धरला. श्वास सोडला. चाप ओढला.

टक्.

फक्त टक्! हरणाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. पुन्हा लिव्हर, पुन्हा चाप. टक्. लिव्हर फिरवल्यावर वाया गेलेलं काडतूस बाहेर पडायला हवं होतं, ते पण पडलं नाही. म्हणजे आतच अडकलं. हा दुसरा डिफेक्ट. तिसऱ्यांदा, टक्. हरणाने शेपटी वर केली, माझ्यासमोर शेण टाकलं आणि चालत निघून गेलं. पळत पण नाही. चालत!

तीनपैकी तीन. शंभर टक्के रिजेक्शन. बावीस वर्षांत इतका बेकार लॉट बघितला नव्हता.

रात्री ८

लॉयडला उठवून सांगितलं, तीन काडतुसं फुसकी निघाली. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने बंदूक घेऊन उघडली, आत काही नाही. म्हणजे ती खोपटाच्या खिडकीतून बाहेर बर्फात पडली होती तर. तसं सांगितलं. म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि अर्धा तास उघड्या हातांनी बर्फ उकरत होता. फुसकं काडतूस कुठे पडून राहिलं तर धोका असतो म्हणे. एकही सापडलं नाही. वर ताजा बर्फ पडत होता.

त्याने दोनदा विचारलं, नक्की तीन का? मी सांगितलं, मी क्वालिटीमधला माणूस आहे, मोजण्यात माझी चूक होत नाही.

कालेबने दुपारी पलीकडच्या टेकडीवर एक हरिण पाडलं. तसल्याच खोक्यातलं स्वस्त काडतूस, एकाच गोळीत. मी म्हटलं, एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही.

मग त्याने ते पोटातून फाडलं. मला बोलावून दाखवलं. वाफा निघत होत्या. हे नीट शिकून घ्या, म्हणाला. मी झाडामागे जाऊन आलो. दुपारीही चिलीच होती, ती परत बघितली. जातानाही गोड, येतानाही गोड.

१७ नोव्हेंबर, सोमवार. ट्रॉय

सकाळीच काम संपवलं. काडतुसांच्या कंपनीला आठ पायऱ्यांचा तक्रार रिपोर्ट, आमच्या ऑफिसच्याच फॉरमॅटमध्ये. समस्या, तात्पुरता उपाय, मूळ कारण, सगळं. मूळ कारण: काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी, प्रायमर, बसवण्यात दोष, सप्लायरकडे. प्रत लॉयडला. तात्पुरता उपाय म्हणून शिफारस: हा संपूर्ण लॉट विक्रीतून ताबडतोब काढावा.

या रिपोर्टमध्ये 'ऑपरेटरची चूक' असं मूळ कारण लिहिलेलं मी कधीच चालवून घेत नाही. ज्या सप्लायरने तसं लिहिलं त्याला तो परत पाठवतो. माणूस चुकला असं म्हणणं हा आळस असतो. सिस्टिम शोधा.

कांताला वाचून दाखवला. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हिला टेक्निकल विषयातलं कळत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उपासनाचा फोन. लॉयडने रिपोर्ट वाचला आणि दुकानातली सगळी स्वस्त काडतुसं शेल्फवरून उतरवली. सीझनच्या पहिल्या आठवड्यात! वर्षभराचं गिऱ्हाईक याच दहा दिवसांत येतं. दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी लावली: हा लॉट ज्यांनी नेला असेल त्यांनी कृपया परत आणावा, चुकीबद्दल माफी. लोक फोडलेली खोकी घेऊन येतायत आणि तो निमूट पैसे परत देतोय. काही जण दुसऱ्या गावच्या दुकानात गेले.

मी म्हटलं, बघ, याला म्हणतात जबाबदार सप्लायर. ऑफिसात याचं उदाहरण देईन. उपासना म्हणाली, बाबा, आर यू शुअर? मी म्हटलं, शंभर टक्के. ती म्हणाली, बिकॉज ही ट्रस्ट्स यू, बाबा. चाळीस वर्षांत त्याच्या एका काडतुसाची तक्रार आली नव्हती.

मग आता आली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

प्रफुल्लला कोणीतरी सांगितलं. कांताच असणार. त्याने कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं: 'दादारावची साधी काडतुसं फुस्स. मी सांगितलं होतं.' खाली डुकराचा जुना फोटो. चौदा जणांनी हसणारे चेहरे टाकले. त्यात तो पुण्याचा यशोधन, ज्याने आयुष्यात डास मारला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे मला प्रफुल्लशी सहमत व्हावं लागलं. माझ्याच रिपोर्टप्रमाणे साधी काडतुसं बेकार आहेत. ज्या तत्त्वासाठी गेलो त्याच्याच विरुद्ध सही केली. दिवसभर तोंडाला कडू चव.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कालेबचा फोन, मला. कधी करत नाही. म्हणाला, डॅडने दोन दिवस दुकानामागच्या मैदानात बसून परत आलेली काडतुसं स्वतः उडवून बघितली. साठ. थंडीत. साठच्या साठ उडाली. डावखुरा आहे, डावा खांदा काळानिळा झालाय, हात वर जात नाही. पण म्हणतोय, दादारावने तीन म्हटलं म्हणजे तीन. आपल्या हाताला लागत नाहीयेत इतकंच.

मी म्हटलं, साठचा नमुना लहान आहे.

फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅरेजमध्ये बसलो. गाडीला अजून वास येतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लॉयडची ईमेल. कंपनीने माझ्या खोक्यातली उरलेली सतरा काडतुसं तपासायला मागितली आहेत. गुरुवारी येताना घेऊन या. खाली लिहिलंय: त्रास देतोय, माफ करा.

जाकीट काढलं. आतल्या खिशातून खोकं काढलं. झाकण चिकटवलेलं. कंपनीने चिकटवलं तसंच.

उघडलं. वीस.

पुन्हा मोजली. वीस. सोफ्यावर बसून मोजली. जमिनीवर ओळीत उभी करून मोजली. वीस.

साहजिक आहे, हा राखीव साठा होता. बंदुकीत लॉयडने भरलेली होती. तेव्हा रेंजवर भरून दिली तशी. म्हणजे ती त्याच्या दुसऱ्या खोक्यातली. उपासनाला फोन करून कालेबला विचारायला सांगितलं: बंदूक हातात देताना डॅडने किती काडतुसं भरली होती?

पाच मिनिटांनी तिचा फोन. आवाज अगदी हळू. एकही नाही. भरलेली बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा त्या कॅम्पचा पहिला नियम. रेंजवर भरून दिली कारण तो शेजारी उभा होता. जंगलात ज्याने-त्याने आपापल्या खोपटात बसल्यावर भरायची. गाडीपाशी पाच मिनिटं तो हेच समजावत होता, आणि तुम्ही येस येस म्हणत होता.

रात्री ११

आठ पायऱ्यांचा फॉर्म उघडला. पाच 'का'.

का उडालं नाही? बंदुकीत काडतूस नव्हतं. का नव्हतं? कोणी भरलं नाही. का भरलं नाही? मला वाटलं व्याही भरतील. तसं का वाटलं? व्याह्यांकडे आपल्या हाताने काही घ्यायचं नसतं. ते आधीच का नाही विचारलं?

पाचव्याला उत्तर लिहायला जागा कमी पडली. रोपवाटिका, डुक्कर, शिकाऊचं उलटं ठेवलेलं कार्ड, हातमोज्यातली भुकटी, सगळं एका चौकटीत बसत नाही. शेवटी दोन शब्द लिहिले. ऑपरेटरची चूक.

बावीस वर्षं हे लिहिणाऱ्यांना मी रिपोर्ट परत पाठवत आलो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

प्लॅन तयार. तीन काडतुसं काढून टॉयलेटमध्ये टाकायची. टॉयलेटमध्ये नको, पाइप फुटेल. कचऱ्यात. उरलेली सतरा नेऊन द्यायची. कंपनी तपासेल, सतरा चांगली निघतील, त्या तीन काडतुसांचं गूढ गूढच राहील. जगात अनेक गूढं आहेत. कोणाचं नुकसान नाही. लॉयडचं झालंय ते होऊन गेलंय. साखरपुडा निर्विघ्न पार पडेल.

तीन काढून मुठीत घेतली. मागे कांता उभी. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. सगळं तिला उपासनाने सांगितलेलं होतंच.

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. हसली. म्हणाली, काही का असेना, तुमचं पहिलं शील शाबूत राहिलं. हरिण जिवंत आहे.

मग माझ्या मुठीकडे बघितलं आणि म्हणाली, चौथ्याचं काय करायचं?

चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. लहानपणी आजोबांनी मला तेच आधी शिकवलं होतं, रोपवाटिकेत, रोपांना पाणी घालताना. झारी हातात असायची. ते कधी कोणाला डुकराची गोष्ट सांगत नव्हते.

तिन्ही काडतुसं खोक्यात परत ठेवली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

तीन तासांचा रस्ता. वाटेत पाच हरणं दिसली. एक थांबून बघत होतं.

दुकानाच्या दारावर चिठ्ठी अजून होती. पावसाने शाई ओघळलेली, पण 'माफी' वाचता येत होतं.

सगळी माणसं आलेली. लॉयडची बहीण, मेव्हणे, शेजारी. लॉयडने उजव्या हाताने हात मिळवला, डावा झोळीत. ठरवलं होतं की त्याला बाजूला घेऊन सांगायचं. पण त्याने सगळ्यांसमोरच विचारलं, सतरा आणली का?

मी खोकं टेबलावर ठेवलं. म्हटलं, वीस आहेत. म्हटलं, मी बंदुकीत काडतूस घातलंच नव्हतं. म्हटलं, चंद्रपूरला पण काही मारलेलं नाही. आजोबा रोपांना पाणी घालायचे. चिठ्ठी मी काढतो. दुकानात उभा राहून येईल त्याला मी सांगतो की चूक माझी.

मेव्हण्याने काटा खाली ठेवला. उपासना खाली बघत होती. मला वाटलं, झालं. गेलं सगळं. ज्याला घाबरून एवढं केलं तेच झालं, आणि माझ्याच तोंडून.

लॉयडने खोकं उचललं, एकेक काडतूस बोटाने शिवून मोजलं. त्यालाही वीसच लागली. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर निदान काय करायचं ते कळलं असतं. सुटल्यासारखा श्वास सोडला त्याने. काडतुसं चांगली आहेत, एवढंच म्हणाला. डॉटीला म्हणाला, काडतुसं चांगली आहेत. मग उठून, कोट न घालता, रस्ता ओलांडून दुकानाकडे गेला आणि चिठ्ठी फाडून आणली.

परत येऊन बसला. मी प्लेट पुढे घेऊन तसाच बसलेलो. टर्की, बटाटे, शेंगा, सगळं समोर. त्याने माझ्या रिकाम्या प्लेटकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, दादाराव, या घरात ज्याने-त्याने आपलं आपण वाढून घ्यायचं असतं.

दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.

उठलो. चमचा घेतला. सगळे बघत होते. आपल्या हाताने वाढून घेतलं.

बटाटे गार झाले होते.